भडंगाचे घनफळ

काल दुपारी सव्वाचारच्या सुमारास मी माझ्याच घराच्या दारात उभा होतो, माझ्याच हाताने चिकटपट्टी मारलेले भडंगाचे खोके माझ्यासमोर होते, आणि ते ताब्यात घेण्यासाठी मी म्हणजे मीच आहे हे मला सिद्ध करता येत नव्हते. खोके आणणारा मुलगा अनोळखी असता तर मी एवढे मनाला लावून घेतले नसते. परंतु आठ दिवसांपूर्वी हेच खोके माझ्याकडून नेणारा, आणि नेण्यापूर्वी आमच्या पायरीवर बसून चहा घेणारा मुलगा तोच होता.

"काका, ओटीपी सांगा."

"अरे, हे खोके तूच नेलेस ना इथून?"

"ते पिकअप होतं. ही डिलिव्हरी."

"त्यावर पाठवणाऱ्याचे नाव वाच."

"तुमचंच आहे की. पण ओटीपीशिवाय सिस्टीम घेईना."

दुकान हिच्या नावावर असल्याने ओटीपी हिच्या मोबाईलवर गेला होता, मोबाईल पिशवीत होता आणि पिशवीसकट ही हळद दळायला गिरणीत गेली होती, जिथे शेजारच्याने कानात ओरडलेलेही ऐकू येत नाही. मी वीस मिनिटे उंबऱ्यावर बसून राहिलो. मुलाने दुसरा चहा घेतला.

हे सारे मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतले होते, हे आधीच कबूल करतो. ही भडंग, हळद आणि बेदाणे ऑनलाइन विकते. प्रत्येक ऑर्डर कोणत्या कुरियरने पाठवायची हे मी रोज रात्री एकेक करून ठरवत असे. मग आमच्या दुकानाच्या संकेतस्थळावर 'नियम' नावाची एक सोय असल्याचे कळले. एकदा अटी लिहून ठेवायच्या, म्हणजे वजन, पिनकोड, रक्कम आणि पैसे देण्याची पद्धत पाहून ऑर्डर आपले कुरियर आपणच निवडते. एका रविवारी संध्याकाळी मी पाच नियम लिहायला बसलो, आणि नेमके त्याच वेळी शेजारचे अण्णा आमचे वर्तमानपत्र परत द्यायला आले.

अण्णा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. धावत्या गाडीच्या डब्यात उभे राहून, भिंतीवरच्या खणांत पत्रे फेकत त्यांनी उमेदीची वर्षे काढली. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला असला तरी आजही त्यांच्या हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा दिला तर ते आधी पत्ते पाहून त्यांचे ढीग लावतात आणि लग्न कोणाचे हे मागाहून विचारतात. भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, कराड, कोरेगाव, सातारा, वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी ही नावे ते इतर लोक रामरक्षा म्हणतात तशी म्हणतात. पिनकोडविषयी तर त्यांच्या मनात भक्तिभावच आहे. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली ही पद्धत टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली, आणि वेलणकर संस्कृतचे कवीही होते, ही माहिती अण्णा दर भेटीत एकदा देतात. सहा आकड्यांचे वृत्त बांधायला कवीच लागतो, असे त्यांचे मत आहे.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझा पहिला नियम मोठ्याने वाचला. "पिनकोड 40 ते 44 ने सुरू होत असेल, तर महाराष्ट्र समजून स्वस्त कुरियरने पाठवावे." मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत.

"403 कोणाचा?"

"कोणाचा?"

"गोव्याचा. गोवा महाराष्ट्रात कधी आणलास तू?"

मी म्हणालो की तसा माझा काही हेतू नव्हता.

"जानेवारी 1967 मध्ये त्यांचं मतदान झालं. विलीन व्हायचं नाही म्हणून त्यांनी कौल दिला. आणि तू इथं सांगलीत बसून चाळीस रुपयांच्या कुरियरसाठी त्यांना परस्पर आत घेतलंस."

मी मुकाट्याने 403 वगळला. त्यानंतर सातारा जिल्ह्यासाठी 415 टाकायला गेलो, तर अण्णांनी माझे मनगट धरले. "विटा 415311. जिल्हा कुठला? सांगली. रत्नागिरी 415612. ती साताऱ्यात केव्हा गेली? आणि तुझा 416 म्हणजे एकटी सांगली समजू नकोस. कोल्हापूर त्यात आहे आणि सावंतवाडीही त्यातच आहे, 416510. पहिले तीन आकडे छाटणीचे असतात, जिल्ह्याच्या नकाशाचे नसतात." हे सांगताना त्यांचा उजवा हात हवेत पत्रे फेकत होता आणि प्रत्येक पत्र बरोबर आपापल्या खणात पडत असावे, असे मला वाटून गेले.

चौथ्या नियमापर्यंत रात्रीचे नऊ वाजले होते. हिने दोनदा आत-बाहेर करून पाने वाढली असल्याचे सुचवले, पण अण्णा उठेनात. "नऊचा नियम कुठं आहे?" त्यांनी विचारले. पिनकोडचा पहिला आकडा एक ते आठ असेल तर देशाचे विभाग आणि नऊ असेल तर लष्कर, हे मला त्या दिवशी प्रथमच समजले. "56 एपीओचा पत्ता आला तर तुझं हे खासगी कुरियर तिथं जाणार आहे का? तिथं टपालच जातं. सातारा-सांगलीकडं माल विकतोस आणि फौजेतल्या पोरांचा विचार नाही? अपशिंग्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जातात आणि तू त्यांना भडंगाविना ठेवणार?" मी नऊचा नियम लिहिला. पाचांपैकी एवढा एकच नियम आजपर्यंत बिनतक्रार चालला आहे, आणि तो माझा नव्हे.

माझा खास स्वतःचा होता तो पाचवा. वरील कोणतीच अट लागू न झाल्यास पार्सल विमानाने पाठवावे, असा मी तो योजला होता. जे कुठेच बसत नाही ते बहुधा लांबचे असणार आणि लांबच्या माणसाला भडंग कुरकुरीत मिळाले पाहिजे, हा त्यामागचा विचार. नियम वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला लागू होईल तिथेच काम थांबते, हे मी मार्गदर्शिकेत वाचले होते. नवा लिहिलेला नियम मात्र आपोआप यादीच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि त्याला हाताने खाली ओढावे लागते, हे वाक्य पुढच्या पानावर होते. मी ते वाचले नव्हते, आणि अण्णांच्या खणांच्या भिंतीत शेवटचा खण आपण होऊन पहिला होत नसल्याने त्यांनाही त्याची शंका आली नाही. 'काहीच लागू नसेल तर' या शब्दांचा अर्थ यंत्राच्या लेखी 'कोणतीही ऑर्डर' एवढाच होता.

चाचणी म्हणून मी मिरजेच्या आक्काच्या नावाने एक किलो भडंगाची ऑर्डर टाकली. सांगली आणि मिरज यांत जेमतेम आठ-दहा किलोमीटरचे अंतर, महानगरपालिका एकच, आणि ते भडंग विमानमार्गे रवाना झाले. सांगलीतून विमान सुटत नाही. कवलापूरच्या विमानतळाची मागणी आम्ही वर्षानुवर्षे करत आहोत आणि ती पूर्ण होण्याआधीच माझ्या पाच पुड्यांचे तिकीट निघाले, असे मी गमतीने म्हणालो, पण घरात कोणी हसले नाही. खोके प्रथम ट्रकने पुण्याला गेले. सुमारे 230 किलोमीटर गेल्यावर पत्ता मागे राहिला असल्याचे तिथल्या कोणाच्या तरी ध्यानात आले असावे, कारण दोन दिवसांच्या मुक्कामानंतर ते पुन्हा ट्रकनेच मिरजेला आले. विमानाचा संबंध आला तो फक्त बिलात.

बिलाविषयी मात्र मला गंभीरपणे बोलायचे आहे. कुरियरच्या व्यवहारात वजने दोन असतात, एक काट्यावरचे आणि दुसरे घनफळाचे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात, त्याला बहुधा 5,000 ने भागतात आणि जे उत्तर येते त्याला किलो म्हणतात. दोन्ही वजनांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. गाडीतली जागा आधी भरते आणि वजन मागून, हे कारण मला मान्य आहे. आमची हळद या कसोटीला उतरते. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या हळदीची एक किलोची पिशवी 20 × 15 × 10 च्या खोक्यात बसते, घनफळाने 600 ग्रॅम भरते आणि त्यामुळे काट्यावरचे वजन अबाधित राहते. पण भडंग म्हणजे अखेर चुरमुरे. किलोभर भडंगाला 30 × 25 × 20 चे खोके लागले आणि ते घरातून निघतानाच तीन किलोचे झाले. प्रवासात त्याचे पोट सुटले असावे, कारण कंपनीच्या यंत्राने ते 32 × 27 × 22 मोजले. म्हणजे 3.8 किलो, वर ओढून चार. फरकाची रक्कम आमच्या वॉलेटमधून न विचारता वळती झाली.

याविरुद्ध तक्रार करता येते, पण सात दिवसांच्या आत. खोक्याच्या प्रत्येक बाजूला मोजपट्टी लावून काढलेली छायाचित्रे जोडावी लागतात, आणि खोके त्या सातही दिवसांत त्यांच्याच ताब्यात असते. मी तरीही तक्रार नोंदवली. अकरा मिनिटांत ती निकालात निघाल्याचे उत्तर आले आणि सेवेला किती तारे द्याल, असेही त्याच पत्रात विचारले होते. माझे नियम माझ्या नावावर आहेत खरे, परंतु वजन त्यांचे, मोजपट्टी त्यांची आणि शेराही त्यांचाच. त्या शेऱ्याने तर कळस केला. मिरजेत पोहोचलेल्या खोक्यावर नोंद पडली, 'घर बंद, ग्राहक उपलब्ध नाही'. आमची आक्का सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत ओसरीवर बसून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाची चौकशी करते. आपण त्या दिवशी जागची हललेही नाही, असे तिने मला फोनवर शपथेवर सांगितले. पण शेरा एकदा पडला की पडला. खोके परत फिरले. 300 रुपयांच्या भडंगासाठी जाण्यायेण्याचे मिळून 472 रुपये गेले.

"मिरजेच्या बसमध्ये मीच बसून आले असते ते घेऊन," असे ही म्हणाली. हे वाक्य मी लग्नानंतर वेगवेगळ्या निमित्तांनी ऐकत आलो आहे.

काल संध्याकाळी ओटीपी एकदाचा आला, खोके घरात आले आणि पाठोपाठ अण्णाही आले. त्यांनी त्यावरची लेबले एकावर एक मोजली, पाच भरली. पुण्याचा शिक्का पाहून त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या वेळी चुकीच्या खणात गेलेल्या पत्रासाठी माणसाला जाब द्यावा लागायचा," ते म्हणाले. "इथं जाब कोणाला विचारायचा?" मग त्यांनी पाचही लेबले नखाने सोलून काढली, खिशातल्या निळ्या पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत 'मिरज 416410' असे लिहिले आणि उद्या सकाळी आपण जातीने हे पोचते करू, असे जाहीर केले. मी नको म्हणालो नाही. ती वेळ नको म्हणण्याची नव्हती.

आज सकाळी साडेनऊला ते खोके काखेत मारून बसथांब्याकडे गेले. मी तेवढ्या वेळात पाचवा नियम ओढून तळाला नेला आणि भडंगासाठी सहावा लिहिला. तोही डोक्यावर जाऊन बसला होता, पण या वेळी मी सावध होतो. बाराच्या सुमारास फाटक वाजले. अण्णा घामाघूम होऊन आत आले आणि त्यांनी खोके टेबलावर ठेवले. आज संकष्टी असल्याने आक्का गणपतीच्या दर्शनाला सांगलीला आली होती, म्हणजे अण्णा तिच्या दाराची कडी वाजवत असताना ती आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर रांगेत उभी होती. खोक्यावर पत्त्याच्या खाली निळ्या पेन्सिलीने, सरळ ओळीत, तारीख आणि वेळ घालून लिहिले होते, 'घर बंद. सूचना दिली.'

"चिठ्ठी सरकवलीय दाराखालून," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पाणी मागितले.