सबमिशनपुरतं प्रॅक्टिकल

इंजिनिअरिंग डिप्लोमाची प्रॅक्टिकलं ऑनलाइन चालतील का, यावर तिकडे महाराष्ट्रात पुन्हा जुंपली आहे. एक बाजू म्हणते, व्हर्च्युअल लॅब आहे की! दुसरी म्हणते, स्क्रीनवर लेथ (धातू कातायचं मशीन) फिरवून कुणी टर्नर होत नाही. इथे जर्मनीत बसून मी दुसऱ्या बाजूला मान डोलावतो, पण अर्धीच.

कारण कॉलेज भरत होतं तेव्हाही आमची प्रॅक्टिकलं कशी व्हायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मशीन एक, पोरं वीस. पुढचे दोघे हात लावणार, मागचे टाचा उंचावून बघणार. रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून, सही सबमिशनच्या आदल्या दिवशी.

लेथवर कट जास्त झाला की जॉब (कातायला लावलेला तुकडा) किंचाळायला लागतो, चिप म्हणजे कातलेला कीस निळा पडतो. काय कमी करायचं, ते कानाला आधी कळतं. सिम्युलेटर फार तर लाल अक्षरांत चूक दाखवेल. पण ड्रॉइंग वाचायला आणि आरपीएम (मिनिटाला किती फेरे) काढायला मशीनपाशी ताटकळायची गरज नाही. ते घरी होतं, आणि बरं होतं.

इथल्या आउसबिल्डुंगमध्ये, म्हणजे काम करत धंदा शिकायच्या पद्धतीत, शिकाऊ मुलाचा करार थेट कंपनीशी असतो. साधारण दोन ते साडेतीन वर्षं, त्यात आठवड्याचे एक-दोन दिवस व्यवसायशाळा आणि बाकी काम, पगारासकट. केलेलं काम नोंदवहीत लिहायचं, त्यावर ट्रेनरची सही. (जर्नलच ते, फक्त सीनियरचं उतरवून भागत नाही.) २०२० मध्ये शाळा बंद होऊन वर्ग ऑनलाइन गेले, तेव्हा ज्यांचं वर्कशॉप चालू होतं त्यांच्या हाताची सवय सुटली नाही. हॉटेलांत शिकणाऱ्यांचे मात्र हाल झाले. हॉटेलंच बंद होती.

आपल्याकडे काहीच नाही, असंही नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. तेव्हा थिअरी खुशाल मोबाइलवर द्या, पण वाचलेले दिवस पोरांनी भोसरी, अंबड, बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये काढायचे, हे वेळापत्रकातच छापा. विमा कुणाचा, सेफ्टी शूज कोण देणार आणि वहीवर सही कोण करणार, भांडायचं तर यावर भांडा.