'एसीत बसून लिहिणाऱ्या'चं उत्तर

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. सरकारी खात्यांचा दर पंधरवड्याला आकडे समोर ठेवून आढावा घ्यावा, या माझ्या लेखावर आपण तीन गोष्टी लिहिल्यात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या 'सिटिस्टॅट'चं, म्हणजे आकडे समोर ठेवून पालिकेच्या खात्यांचा आढावा घेण्याच्या पद्धतीचं, साल माझ्या लेखात चुकलं. आढावा आला की खालचे लोक आकडे फुगवतात. आणि 'एसीत बसून लिहिणाऱ्यांना फील्ड काय कळणार?'

सालाबद्दल आपलं बरोबर. मार्टिन ओमॅली बाल्टिमोरचे महापौर म्हणून निवडून आले १९९९ मध्ये, त्यांचं सिटिस्टॅट सुरू झालं २००० मध्ये. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण शेवटचं वाक्य मनाला लागलं. लेख पटला नाही तर तसं म्हणा. लिहिणारा कुठे बसलाय हे काढायचं काय कारण? तालुक्याच्या आरोग्य खात्यात मी बावीस वर्षं काढली. आमच्या खोलीतला पंखासुद्धा लाइट असेल तेव्हाच फिरायचा. उपकेंद्रांच्या नोंदवह्या मी मांडीवर घेऊन तपासल्यात. एका वहीत सलग दोन पानं प्रत्येक बाळाचं जन्मवजन २.५ किलो. त्याखाली गेलं की बाळ कमी वजनाचं धरतात. मग गृहभेटी, पाठपुरावा, वरून विचारणा. मी तिथे गेलो. सिस्टरने काहीही न बोलता वजनकाटा पुढे केला. काटा अडकलेला, बाळ ठेवा नाहीतर काढा, हलतच नव्हता. नवा मागितल्याच्या अर्जाची प्रतही तिने दाखवली. आठ महिन्यांपूर्वीची.

हे कळलं कसं? महिन्याच्या आढाव्यात शेजारच्या उपकेंद्राचे आकडे शेजारी मांडले म्हणून. पुढच्या आढाव्याच्या आत काटा आला, आणि वहीत २.१, १.९ दिसू लागले. तालुका यादीत खाली घसरला आणि त्याबद्दल बोलणी मी खाल्ली. तरी मला ती खरी वही हवी होती.

फुगवाफुगवी होते, कोण नाही म्हणतंय? न्यूयॉर्क पोलिसांच्या 'कॉम्पस्टॅट'वरही, म्हणजे गुन्ह्यांच्या आकड्यांवरून घेतल्या जाणाऱ्या आढाव्यावरही, तोच आरोप झाला. म्हणून आकडे बघणंच सोडायचं का?

आपण स्वतः कोणत्या खात्यात होतात ते मात्र लिहिलं नाहीत. तेवढं कळवा, आणि मग मला फील्ड शिकवा.