शहाण्या एजंटला डिस्क्रिप्शन कशाला?

ओपन-एपीआयची फाइल (एपीआयकडे काय मागता येतं आणि काय परत मिळतं याचं वर्णन) एआय एजंटने संपादित करावी म्हणून तुम्ही टूल्स, म्हणजे एजंटने वापरायची फंक्शन्स, लिहायला घेतलीत, अभिनंदन. कोड झाला, टेस्ट झाल्या, उरलं काय तर टूल काय करतं ते एजंटला सांगणाऱ्या डिस्क्रिप्शनचं रिकामं खोकं. तिथे 'डॉक्युमेंट अपडेट करते' एवढं टाका आणि चहाला जा. टूलचं नाव 'अपडेट' आहे, त्याने अपडेट होतं, आणखी काय कुंडली मांडायची?

मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही म्हणे. त्याला दिसतं टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरांचा स्कीमा, म्हणजे कुठली माहिती कशी द्यायची त्याचा आराखडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एजंटला टूल्स जोडायचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आला, त्यातही एजंटपुढे जातं ते हेच. जाऊ द्या. एवढं इंटरनेट पचवून बसलाय, तुमच्या मनातलं ओळखायला त्याला काय धाड भरली आहे? शहाण्याला शब्दाचा मार. तुम्ही शब्दही वाचवा.

आता या बचतीचं फळ बघा. एजंटला सांगितलं, ग्राहकाच्या स्कीमात ईमेल सक्तीचा कर. 'रिक्वायर्ड'च्या, म्हणजे सक्तीच्या फील्डांच्या, यादीत नाव आणि मोबाइल आधीपासून आहेत. तुमचं टूल आतून मर्ज पॅच (फक्त बदललेला भाग पाठवायची पद्धत) वापरतं, आरएफसी ७३९६ या इंटरनेट-दस्तऐवजातला. त्यात नवी यादी आली की जुनी अख्खी जाते. हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या शेजारी बसणाऱ्यालाही ठाऊक आहे. एजंट बापडा 'अपडेट' वाचून यादीत एकटा ईमेल पाठवतो. झालं, नाव आणि मोबाइल आता ऐच्छिक. गंमत म्हणजे फाइल तरीही पूर्णपणे वैध! व्हॅलिडेटर हिरवागार, रिव्ह्यू करणारा दोन ओळींचा डिफ बघून अंगठा दाखवतो, आणि महिन्याभराने बिननावाचे, बिनमोबाइलचे ग्राहक सपोर्टवाल्यांच्या दारात उभे. 'यादी नेहमी पूर्ण पाठव, आधी सध्याची वाचून घे' असं एक वाक्य लिहिलं असतंत तर एवढ्या आनंदाला सगळेच मुकले असते.

त्याच पॅचमध्ये 'नल' (काहीच नाही अशी किंमत) पाठवणं म्हणजे 'हे फील्ड काढून टाक'. तेही गुपितच राहू द्या. डिफॉल्ट 'नल' ठेवायला गेलेला एजंट डिफॉल्टच उडवून येईल.

पॅरामीटरचं नाव 'पाथ' ठेवा. तो एंडपॉइंटचा (एपीआयला विनंती जिथे पाठवायची त्या जागेचा) पत्ता, डिस्कवरच्या फाइलचा, की फाइलच्या आतली जागा दाखवणारा जेसन पॉइंटर, हे ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेनुसार ठरवावं. पॉइंटर असला तर आरएफसी ६९०१ प्रमाणे नावातल्या तिरक्या रेघेच्या जागी टिल्डे आणि एकचा आकडा लिहावा लागतो, आणि ओपन-एपीआयमध्ये तर प्रत्येक एंडपॉइंट तिरक्या रेघेनेच सुरू होतो. एक नमुना दिलात तर एजंट पहिल्याच फटक्यात बरोबर लिहायचा धोका आहे. तेव्हा नमुना नको. चुकला की 'इनव्हॅलिड इनपुट' एवढंच परत पाठवा. कुठे चुकलं, काय हवं होतं, अवाक्षर नाही. मग तो एक रेघ काढून बघेल, दोन घालून बघेल, फाइल पुन्हा पुन्हा वाचेल, आणि शेवटी सगळी फाइल नव्याने लिहून काढून 'काम झालं' म्हणेल. यात हजारो टोकन (मॉडेल वाचतं-लिहितं ते शब्दांचे तुकडे) जळाली, पण डिस्क्रिप्शनमधली चाळीस वाचली ना!

फाइल कुठल्या आवृत्तीची, तेही सांगू नका. ओपन-एपीआय ३.० मध्ये 'नलेबल' (इथे नल चालेल अशी खूण) चालायचं, २०२१ च्या ३.१ मध्ये ते गेलं. एजंट दोन्हीकडे तेच लिहील, आणि ३.१ मध्ये बहुतेक वेळा कुणी हूं की चूं करणार नाही. (चुपचाप चुकणारं सॉफ्टवेअर पकडायला सगळ्यात अवघड, हा माझा जुना राग आहे, असो.)

टूल्स भरपूर ठेवा. 'एडिट_पाथ', 'अपडेट_पाथ', 'मॉडिफाय_पाथ' आणि 'अपडेट_पाथ_न्यू'. जुनं काढू नका, कुणाची तरी स्क्रिप्ट त्यावर चालते. कुठलं कधी वापरायचं, कुठलं वापरायचंच नाही, हे लिहायला बसलात तर तुमच्याच लक्षात येईल की तिघांची गरज नव्हती, आणि तसं लक्षात येणं टीमच्या मनःस्वास्थ्याला बरं नाही.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूल केवळ वाचणारं आहे की मोडतोड करणारं, हे सांगायची सोय आहे. काही अ‍ॅप्स त्यावरून माणसाची परवानगी मागायची की नाही ते ठरवतात. सारखं 'परवानगी आहे का?' विचारलं की वापरणारे कटकट करतात, म्हणून सरसकट सगळ्यांना 'केवळ वाचन' लावून टाका. डिलीटलासुद्धा. काही न लावता सोडलंत तर प्रोटोकॉल टूल मोडतोड करू शकतं असंच धरून चालतो, इतका तो संशयी.

एवढं करूनही कुणी तक्रार घेऊन आलंच, तर घोडं कुठे पेंड खातंय ते शोधत बसू नका. 'मॉडेल हॅल्युसिनेट करतं हो', म्हणजे मनचं रचून सांगतं, असं म्हणा, हे आजकाल कुठल्याही मीटिंगमध्ये खपतं. सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांमध्ये) 'अत्यंत काळजीपूर्वक काम कर' अशी ओळ घाला, शेवटी तीन उद्गारचिन्हं. तेवढ्याने भागलं नाही तर महागडं मॉडेल मागा. त्याचं बजेट दुपारपर्यंत मंजूर होतं. डिस्क्रिप्शन सुधारायचं तिकीट आहेच की, पुढच्या स्प्रिंटला.