बेफिकिरी नाही, बोट नाही

मालदीवच्या बेटांवरच्या प्लास्टिकला ‘स्थानिकांची बेफिकिरी’ जबाबदार आहे, हे तिथल्या कचऱ्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. तिथल्या एका लहान बेटावर मी तीन वर्षं शाळेत शिकवत होते. 2004 च्या त्सुनामीत अनेक बेटांवरच्या विहिरी खारट झाल्या, त्यामुळे प्यायला टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकीनं तळ गाठला की बोटीतून बाटल्यांचे खोके यायचे. रिकाम्या बाटल्या परत न्यायला मात्र बोट नसायची. माझ्या शेजारीणबाई एकेक बाटली चेपून, झाकण लावून पोत्यात भरायच्या. पोती पावसाळ्यापर्यंत भिंतीशी तशीच पडून राहायची आणि शेवटी किनाऱ्यावर पेटवली जायची. धुरानं वर्गातली मुलं खोकायची. याला बेफिकिरी कसं म्हणायचं?

थिलाफुशी या कचऱ्याच्या बेटाबद्दल लिहिलंत ते योग्यच. 1992 पासून राजधानी मालेचा कचरा टाकून तिथलं खाजण बुजवलं गेलं. पण तिथलं उघड्यावरचं जाळणं 2021 मध्ये थांबवलं, हे राहून गेलं. लांबच्या बेटांवरून नियमित कचराबोट आणि गावात गोड्या पाण्याचा प्रकल्प, या दोन गोष्टी आधी द्या. बाटल्या निम्म्या तरी आपोआप कमी होतील, असं मला मनापासून वाटतं.