लेबल धुवून किंमत वाढते म्हणे!

मावशीने जुन्या बाटल्यांचा तो मेसेज पाठवला आणि पाठोपाठ विचारलं की बादलीत किती वेळ भिजत घालू. तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं.

मेसेज तुम्हालाही आला असेलच. जुन्या औषधाच्या, अत्तराच्या, शाईच्या बाटल्या लाखोंना जातात. लेबल धुऊन काढा, खाली तळाला नंबर दिसेल तेच साल. काचेत बुडबुडे म्हणजे शंभर वर्षं जुनी. जांभळी काच म्हणजे दुर्मिळ. आत काही उरलं असेल तर उघडून वास घ्या, ओरिजिनल असेल तर भाव दुप्पट.

आधी लेबल, कारण सगळ्यात मोठा गाढवपणा तिथेच आहे. कागदी लेबलवाल्या बाटल्या पुष्कळदा साध्याच असायच्या, काचेत नाव उठवलेलं नसायचं, तीच बाटली कुणीही घ्यायची आणि आपलं लेबल चिकटवायची. म्हणजे औषधाचं नाव, कंपनी, गाव, डोस, जे काय आहे ते त्या कागदावरच, आणि तो पाण्यात गेला की उरते बिननावाची बाटली, जी कुणी फुकटही नेणार नाही. जमवणारे पैसे मोजतात ते लेबलचे, कोपरा फाटलाय का, रंग उडालाय का यावर घासाघीस करतात. धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका. पाणी नाही, तेल नाही, सेलोटेप तर अजिबात नाही.

शिवाय काळ कळतो तोही लेबलवरूनच, फक्त नीट वाचा. अमेरिकन औषधाच्या लेबलवर '३० जून १९०६' दिसलं की लोक नाचतात, पण ती तिथल्या अन्न-औषध कायद्याची तारीख आहे, बाटलीची नाही. एवढंच कळतं की ते लेबल त्यानंतरचं.

तळाचा नंबर बहुतेक वेळा साच्याचा नाहीतर कारखान्याचा असतो. बरं, काही कंपन्या सालाचा कोड टाकायच्या, हे मान्य. पण ओवेन्स-इलिनॉय या अमेरिकन काच कंपनीच्या बाटलीवर नुसता '७' असला तर १९३७ की १९४७ यावरच जाणकार डोकं खाजवतात.

त्यापेक्षा बाजूची शिवण बघा. साच्याची रेघ पार ओठावरून वर गेली असेल तर बाटली बहुधा मशीनची, आणि मायकल ओवेन्सचं बाटल्या करणारं ऑटोमॅटिक मशीन आलं १९०३ च्या सुमाराला. मानेवरच संपली तर बहुधा फुंकून केलेली. अपवाद आहेत, तोंड घासून सपाट केलेल्या बरण्यांमध्ये हे गणित फसतं. सोसायटी फॉर हिस्टॉरिकल आर्किऑलॉजीची बाटल्या ओळखायची वेबसाइट फुकट आहे, फोटोंसकट सगळं दिलंय, मेसेज फॉरवर्ड करण्याआधी ती तरी उघडा.

बुडबुडे जुन्या काचेत असतात, खरंय, पण आजच्या हाताने केलेल्या काचेतही असतात. जांभळा रंग म्हणजे काचेतलं मॅंगनीज उन्हाने बदललेलं, आणि रेडिएशन देऊन मुद्दाम गडद केलेल्या बाटल्या ढिगाने फिरतायत.

आणि वास? अहो, जुन्या औषधांत पारा, आर्सेनिक, स्ट्रिक्निन असली विषं असायची. बूच उघडू नका, हलवू नका, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

राहिला लाखांचा भाव. ऑनलाइन कुणी काहीही आकडा टाकतं. विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा, तसंच लेबल, तशीच अवस्था शोधा, आणि मग बोला.