गोकुळनगरच्या बायकांना जमलं ते आमच्या हायस्कूलला का नाही?

दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परवा चांगलंच वाजलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये म्हटलं होतं की लैंगिक शिक्षण नववीपासून नको, त्याच्या आधीपासूनच द्या, ती बातमी कोणीतरी टाकली आणि एकजण मला म्हणाला, "तुमच्याकडं इंग्लंडला चालतंय गं, तासगावला नाय चालायचं."

इंग्लंडला सगळं गोडीगुलाबीनं चाललंय असं नाही. हायस्कूलला हा विषय 2020 पासून सक्तीचा झाला, त्याच्या आदल्या वर्षी बर्मिंगहॅमला प्राथमिक शाळेच्या गेटवर आईबापांची निदर्शनं चालू होती. पण भांडणं झाली म्हणून विषय रद्द नाही केला. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा, त्याच्या शाळेतून घरी दोन गोष्टी आल्या, काय काय शिकवणार त्याची यादी आणि एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या, लसीचा फॉर्म. ही लस इथे मुलींना 2008 पासून आणि मुलांनाही 2019 पासून शाळेतच देतात, कारण तो विषाणू दोघांनाही होतो.

आमच्या वेळी 2002 ला काय झालं? बाई आल्या, मुलींना पॅडबद्दल दहा मिनिटं सांगितलं आणि तेवढा वेळ मुलांना ग्राउंडवर पिटाळलं. प्रजननाचा धडा "घरी वाचा". त्याच वर्षी आमच्या गल्लीतले ट्रक चालवणारे काका वारले, सगळे टीबी म्हणाले, मग काकी खंगायला लागल्या तेव्हा बायका त्यांच्या घरचं पाणी प्यायच्या बंद झाल्या. एड्सची मोफत औषधं सरकारने 2004 ला सुरू केली, काकी तोवर राहिल्या नाहीत. पाण्यातून हा रोग होत नाही एवढं एक वाक्य शाळेत कोणी सांगितलं असतं तर मी तरी त्यांच्याकडे गेले असते, हे मला अजून टोचतं.

आणि हे सांगणारी माणसं लांब नव्हती हो! सांगलीत संग्राम संस्था 1992 पासून एड्स रोखायचं हेच काम करत होती, तिथल्या गोकुळनगर वस्तीतल्या वेश्याव्यवसायातल्या बायका स्वतः एकमेकींना कंडोम वाटत होत्या, समजावत होत्या, ज्यांना गाव नावं ठेवतं त्या. आणि 2007 ला आपल्या राज्याने शाळेतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला, संस्कृतीच्या नावाखाली. र. धों. कर्व्यांनी 1927 लाच 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून मराठीत हे सगळं उघड लिहिलं होतं, मग हे परदेशी कसं?

आता तर अजून एक भीती आहे. आपल्याकडे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा, वय 18 च्या खाली असेल तर मुलीची संमती कायद्याने धरतच नाहीत, पण अकरावीतल्या किती पोरांना हे माहितीय? पोरं मोबाईलवर नको ते बघून शिकतात आणि कायदा कळतो तो पोलीस दारात आल्यावर.

ज्याने मला टोकलं तो आता आपल्याच शाळेच्या पालक समितीवर आहे. त्याला मी वेगळा मेसेज केलाय की निदान दहावीचा धडा वर्गात शिकवा, मुलं मुली एकत्र बसवून, आणि सांगलीहून कोणाला तरी बोलवा, येण्याजाण्याचा खर्च मी देते. मेसेज त्याने वाचलाय, उत्तर अजून नाही. त्याची मुलगी जूनमध्ये आठवीत जाणार आहे.