डब्यावरचे आकडे वाचायला तुमचं काय जातं?

मला कोणीतरी एकदा नीट सांगा, गाडीबरोबर कंपनी जे पुस्तक देते ते कशासाठी देते? त्यात इंजिन ऑइलचं अख्खं पान असतं. ग्रेड कुठली, स्पेसिफिकेशन कुठलं, फिल्टरसकट किती लिटर, किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी बदलायचं, सगळं छापलेलं. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनीच लिहिलेलं. आणि आमच्या सिंधुदुर्गात मी ज्या ज्या गॅरेजच्या दारात उभा राहिलो, तिथे ते पान स्वतःहून उघडणारा एक माणूस मला भेटलेला नाही. मी पान उघडून समोर धरलं तरी बघत नाहीत. मान हलवतात आणि पोराला सांगतात, "भर रे."

यंदा पावसाच्या तोंडावर मेव्हण्याची गाडी घेऊन गेलो होतो. पेट्रोल गाडी, अजून जुनी म्हणावी अशी नाही. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, ०डब्ल्यू-२०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनातल्या घट्टतेचा, नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या घट्टतेचा, आणि आकडा लहान तेवढं ऑइल पातळ. पोरगा कोपऱ्यातल्या बॅरलमधून माप भरून घेऊन आला. मापाच्या काठाला आधीच्या कुठल्यातरी ऑइलचा काळा थर, त्याला चिकटलेली माती. विचारलं, बाळा कुठलं ऑइल हे? म्हणाला, ट्वेंटी-फोर्टी, म्हणजे २०डब्ल्यू-४०. मी थांबवलं तर आतून मालक बाहेर आले. "ओ, सगळा ऑइल सारख्याच असता. तुमी कित्याक येवढो इचार करतास? काय्येक होवचा नाय."

हे "काय्येक होवचा नाय" ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. होतं! फक्त त्या दिवशी होत नाही, तुमच्या गॅरेजच्या दारात होत नाही. दोन-तीन वर्षांनी होतं, आणि तेव्हा पैसे गाडीवाल्याच्या खिशातून जातात.

सारखंच असतं म्हणे. १०० अंश सेल्सियसला २० ग्रेडच्या ऑइलची घट्टता ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्सच्या (हे घट्टता मोजायचं माप) मध्ये असावी लागते. ४० ग्रेडची १२.५ ते १६.३. म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट घट्ट. हे एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेचं प्रमाण आहे, जगभर चालतं, कुठल्या दुकानदाराच्या मनावर नाही. आता जे इंजिन पातळ ऑइलसाठी बनवलंय, ज्याच्या बेअरिंगमधल्या फटी आणि ऑइलच्या वाटा त्या हिशेबाने ठेवल्यात, ज्याच्यात व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर मागेपुढे होतं, त्यात तुम्ही पावणेदोनपट घट्ट ऑइल ओतणार. मग मायलेज पडलं की पेट्रोल पंपाला शिव्या घालायच्या.

यावर ठरलेलं उत्तर असतं: आपल्याकडे गरम हवा, जाड ऑइलच बरं. आणि वर, "डब्ल्यू म्हणजे विंटर, आपल्याकडे कसली आलीय थंडी?" हे इतक्या आत्मविश्वासाने सांगतात की समोरच्याला पटतंच. अहो, इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग गाडी वेंगुर्ल्यात असो नाहीतर आंबोलीत. बाहेरच्या हवेला पुस्तकात जागा आहेच, बऱ्याच पुस्तकांत तापमानाप्रमाणे कुठल्या ग्रेड चालतील त्याचा तक्ता असतो. त्या तक्त्यात २०डब्ल्यू-४० असेल तर घाला ना बिनधास्त! नसेल तर कोकणात गरम होतं म्हणून ते आपोआप त्यात येत नाही. आणि डब्ल्यूच्या आधीचा आकडा आपल्याकडेही लागतो. सकाळी २५ अंशांची गाडी सुरू करता तेव्हा ऑइल चालत्या इंजिनातल्यापेक्षा कितीतरी घट्ट असतं. ते वरपर्यंत चढेपर्यंतच्या पहिल्या काही क्षणांत धातूवर धातू घासतो. पातळ असेल तर लवकर चढतं. एवढी साधी गोष्ट आहे.

मिस्त्री लोकांबद्दल मला राग नाही, हेही सांगतो. आमच्याकडे असे म्हातारे मिस्त्री आहेत की नुसत्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरचं काय बिघडलंय ते सांगतात. त्यांच्या हाताला माझा नमस्कार. ते ज्या जीपा आणि अँबॅसडर उघडून शिकले, त्यांना घट्टच ऑइल लागायचं आणि ते बरोबरच होतं. पण गाड्या बदलल्या. त्यांच्याच गॅरेजच्या दारात आज टर्बो पेट्रोल उभी आहे, हायब्रिड उभी आहे. बॅरल मात्र तोच.

डिझेलवाल्यांची तर याहून वाट लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचं कडक प्रमाण, आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ बसला, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. काजळी तो जाळून टाकतो. पण ऑइल थोडं थोडं जळतंच, आणि त्यातल्या रसायनांची जी राख होते ती जळत नाही, तिथेच साठते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. एसीईए सी३ (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचं प्रमाण) लिहिलेल्या ऑइलमध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्याच्या वर चालत नाही. ट्रक-ट्रॅक्टरसाठी आणलेल्या सीआय-४ दर्जाच्या डिझेल ऑइलच्या बॅरलला असं कुठलं बंधन नसतं, त्यात राख सरसकट जास्त. आमच्या वाडीतल्या एकाने कर्ज काढून भाड्यासाठी डिझेल गाडी घेतली. पहिल्या मोफत सर्व्हिस संपल्यावर जवळ पडतं म्हणून बाहेर ऑइल बदलत गेला. डिझेल गाडी म्हटल्यावर कुठलं भरलं, ते सांगायला नकोच. आता डीपीएफचा दिवा लागतो, विझतो, परत लागतो, गाडी घाटात ओढत नाही. ऐन आंब्याच्या सीझनला गाडी दारात उभी. नवीन डीपीएफचा आकडा ऐकून तो माणूस ओटीवर डोक्याला हात लावून बसला. आणि ज्याने ऑइल भरलं तो म्हणतो, "बीएस सिक्स गाडये असतंतच तशे." असत नाहीत! तुम्ही डब्याच्या मागची ओळ वाचली नाहीत!

फिल्टरचा विषय काढला की माझं रक्त आणखी चढतं. कारण ऑइलबद्दल निदान बोलतात तरी. फिल्टर म्हणजे यांच्या लेखी पत्र्याची डबी. जुना फिल्टर काउंटरवर ठेवायचा, दुकानदार रबराची रिंग बोटाने मापतो, आटे बघतो, खालून एक पांढरा खोका काढतो आणि म्हणतो, बसतो हा. बसतो! आटे बसले म्हणजे फिल्टर तोच होतो का? आतलं कुणी बघायचं? आत घड्या घातलेला कागद असतो, तो किती आणि कसल्या प्रतीचा यावर गाळणं अवलंबून. आत रबराची एक पाकळी असते, गाडी बंद झाल्यावर ऑइल परत खाली चेंबरमध्ये उतरू नये म्हणून. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ती पाकळी फार महत्त्वाची. स्वस्तातली पाकळी कडक होते, रात्रभर ऑइल गळून जातं, आणि सकाळी किल्ली फिरवली की पहिले दोन-तीन सेकंद कडकडकड. त्यावर गॅरेजवाले काय सांगतात? टायमिंग चेन गेली! आणि बायपास व्हॉल्व्ह असतो, कागद तुंबला तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून ठरावीक दाबाला उघडणारा. त्याची स्प्रिंग हलकी असेल तर तो नको तेव्हा उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जातं. वरून काही कळत नाही. डबी तशीच चकचकीत. हे सगळं शंभर-दोनशे रुपयांसाठी, आणि तेही गिऱ्हाईक अस्सल फिल्टरचे पैसे द्यायला तयार असताना!

बसवायची पद्धत तर बघवत नाही. रिंगला नवीन ऑइलचं बोट लावायचं, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवायचं, मग साधारण पाऊण फेरा. बहुतेक फिल्टरच्या खोक्यावर चित्रासकट छापलेलं असतं. आमच्याकडे पाना लावून, अंगातला सगळा जोर काढून आवळतात. पुढच्या वेळी तो निघत नाही. मालवण-देवगडकडे खाऱ्या हवेने पत्रा आधीच गंजलेला असतो, मग स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकून पिळायचा. जुनी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली का, हे बघायचं नाही. तिच्यावर नवीन फिल्टर, म्हणजे दोन रिंगा. इंजिनचा दाब चढला की तिथून ऑइल बाहेर फेकलं जातं, आणि घाटाच्या मध्यावर लाल दिवा लागतो. खालच्या ड्रेन प्लगचा वॉशर काही रुपयांचा असतो. तोही बदलत नाहीत, टेफ्लॉन टेप गुंडाळतात.

आणि काही ठिकाणी तर फिल्टर बदलतच नाहीत. फडक्याने पुसतात. म्हणून मी जुना फिल्टर हातात मागतो. मागितला की तोंडं वाकडी होतात. का? पैसे मी दिलेत ना?

आता आपल्या लोकांवरही बोलतो, कारण त्यांचाही तेवढाच राग येतो. "वर्षात तीन हजारच फिरली, आत्ताच कशाला ऑइल बदलायचं?" पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष लिहिलेलं असेल तर पुढे "यांपैकी जे आधी होईल ते" हेही लिहिलेलं असतं. ते वाचा! आपल्याकडे गाडी अख्खा पावसाळा पडवीच्या कडेला ओल खात उभी असते. बाहेर काढली तर घर ते बाजार, बाजार ते घर. एवढ्यात इंजिन पुरतं तापतही नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, थोडी पिस्टनच्या कडेने खाली उतरते, आणि ऑइल गरम झालं नाही तर ते पाणी उडून जात नाही, आतच राहतं. थोडं पेट्रोलही मिसळतं. ऑगस्टमध्ये ऑइलचं झाकण उघडून बघा, खालून लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर दिसेल. कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा. होत नसेल तर हे त्या छोट्या फेऱ्यांचं पाणी आहे. अशा वापराला पुस्तकात कठीण वापर म्हणतात आणि ऑइल लवकर बदलायला सांगतात. चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या गाड्यांचंही तेच. मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या रांगेत तासन् तास इंजिन चालू, एसी चालू, किलोमीटर शून्य. मीटर पुढे सरकत नाही, ऑइल मात्र झिजतच असतं.

काळं झालं म्हणून ऑइल खराब आणि सोनेरी आहे म्हणून चांगलं, हेही बंद करा. डिझेलमध्ये ते काही दिवसांत काळं होतंच, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दोन बोटांत घासून "अजून दम हा ह्येच्यात" म्हणणाऱ्या माणसाला त्यातलं काहीही कळत नाही.

बरं, आपण शहाणपणा करून सीलबंद डबा घेऊन गेलो तरी सुटका नाही. साडेतीन लिटरचा डबा, इंजिनला लागतं तीनच्या थोडं वर. एक तर सगळंच्या सगळं ओततात, "ऱ्हवूक कशाक व्हया?" मग डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या कितीतरी वर. जास्त ऑइलही वाईट, क्रँकशाफ्ट त्यात आपटतो, फेस होतो, फेसाने वंगण होत नाही. नाहीतर उरलेलं फळीखाली जातं आणि कुणाच्या तरी मोटरसायकलमध्ये पडतं. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच भिजलेला असतो, तिला जेएएसओ एमए (अशा भिजलेल्या क्लचसाठीचं जपानी प्रमाण) लिहिलेलं लागतं. गाडीचं पातळ ऑइल पडलं की क्लच घसरायला लागतो. म्हणजे एकाच डब्यातून दोघांचं नुकसान. आणि रिकामा डबा? तो अख्खा, झाकणासकट भंगारात. तिथून कुठे नकली ऑइल भरून परत येतो ते सगळ्यांना माहीत आहे. मी आता डबा माझ्यासमोर फोडायला लावतो, उरलेलं घरी आणतो आणि रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडतो. यावरून मला किरकिऱ्या म्हणतात. म्हणू देत.

शेवटी बिल. बिलावर काय लिहितात? "ऑइल + फिल्टर", आणि पुढे रक्कम. ग्रेड नाही, स्पेसिफिकेशन नाही, फिल्टरचा नंबर नाही, किलोमीटर नाहीत. उद्या इंजिन गेलं, वॉरंटीसाठी कागद मागितले, तर हा चिठोरा दाखवायचा? तक्रार करायला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, पण तिथेही विचारणारच, भरलं काय होतं? वाडीतल्या त्या डिझेलवाल्याकडे आज दाखवायला काही नाही. त्याला लुबाडलं हे सगळ्यांना माहीत आहे आणि कागदावर त्यातलं काहीच नाही.

म्हणून गॅरेजवाल्यांनो, सरळ सांगतो. मला सूट नको, चहा नको. पुस्तकातलं पान बघा, तेच ऑइल सीलबंद डब्यातून माझ्यासमोर भरा, जुना फिल्टर माझ्या हातात द्या. बिलावर ग्रेड लिहा, स्पेसिफिकेशन लिहा, फिल्टरचा नंबर लिहा, मीटरचा आकडा लिहा आणि खाली सही करा. पैसे मी तिथल्या तिथे देतो.